भुतांच्या भुताचं अक्षर

कॅनडात, व्हिटबीतल्या माझ्या बेसमेंटच्या दारावर लाल कागद चिकटवलेला होता आणि त्यावर एकच चिनी अक्षर. घरमालकीण वर राहायची. पूर्वी शाळेत जुनं चिनी शिकवायची. मी अर्थ विचारला तर म्हणाली, "माणूस मेला की भूत होतो. भूत मेलं की हे होतं. आपण भुताला घाबरतो, भुतं याला."

अक्षरात वर पाणी, गाडी आणि कुऱ्हाड. तिन्ही मिळून अर्थ होतो 'हळूहळू'. खाली कान. कुणी म्हणतात, भुतांच्या एका पहारेकऱ्याच्या नावातली दोन अक्षरं पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी एकात कोंबली. खरं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"पण ते इथे का?"

"माझा नवरा याच खोलीत गेला."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. त्यानंतर घर तापवणारा फर्नेस धडधडला तरी मी दचकायचे आणि आधी दाराकडे बघायचे. कागद जागेवर दिसला की जिवात जीव यायचा.

मग पितृपक्ष आला. बाबा नागपुरात वारले तेव्हा इथल्या कायम वास्तव्याच्या, पीआरच्या भानगडीत मला जाता आलं नव्हतं. श्राद्ध तिकडे भावाने केलं. मी आपलं दुपारी एक पान वाढलं: वडे, कढी, खीर. हात जोडले आणि नजर दाराकडे गेली. पितर वेगळे, भूत वेगळं, हे त्या अक्षराला कोण समजावणार? बाबा उंबऱ्यावरूनच उपाशी परत जातील. कागद काढावा, तर तिचा नवरा!

शेवटी वर जाऊन तिला सगळं सांगितलं.

"वर्षातून एकदा, त्याच्यासाठी, मीही कागद उतरवते," ती म्हणाली. "दिवसभर थरथरत बसते."

"मग उतरवता कशाला?"

"नवरा आहे माझा."

ती भाताचा वाडगा घेऊन खाली आली, माझ्या पानाशेजारी ठेवला. नखाने कोपरे सोडवून कागद उतरवला आणि दार सताड उघडलं. आम्ही जमिनीवर बसलो. जिन्याची पायरी करकरली. मी तिचा हात घट्ट धरला. तोही गार पडला होता. ज्यांचं बोट धरून मी अंधारात बिनधास्त चालायचे, त्यांचीच मला भीती वाटत होती. आणि ते येणारच नाहीत, याची त्याहून जास्त.

"बाबा, या," मी म्हटलं. "पान वाढलंय."