तेल न लावण्याची जागा

आमच्या घरातली पहिली पदवी माझी आणि पहिली गाडीही माझीच. दोन्हींचे फोटो गावाकडच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले आहेत. पदवीच्या फोटोत मी हसते आहे. गाडीच्या फोटोत मी सीटवर बसले आहे, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकलेले, आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला घरचे लोक हसू समजतात.

गाडी म्हणजे स्कूटर. कोथरूडमधल्या एका शिकवणीवर्गात मला गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेऊन दिली. आबा सुतार आहेत. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीपासून कोथरूडपर्यंत पोरीने रोज बसमध्ये उभं राहून जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी नको म्हणाले नाही. आमच्या गल्लीत आठवीनंतर मुलींची शाळा सुटायची, त्यांनी माझी सुटू दिली नव्हती. कॉलेजसाठी मी पुण्याला निघाले तेव्हा नातेवाईक काय काय बोलले ते त्यांनी एकट्याने ऐकून घेतलं होतं. अशा माणसाने हौसेने आणलेली वस्तू नको कशी म्हणायची, हे मला अजूनही माहीत नाही.

मला त्या गाडीची भीती वाटायची. गावात मी सायकल चालवत असे. तिथे भीती वाटली की पाय टेकायचा. पुण्यात पाय टेकायचं ठरवेपर्यंत मागचा हॉर्न वाजवतो, डावीकडून कुणीतरी घुसतो आणि उजवीकडची बस आपल्याला न बघताच वळायला लागते. रस्त्यावर एकदा शिरलं की आपण थांबायचं की जायचं हे आपल्या हातात राहत नाही. आजूबाजूचे सगळे मिळून आपल्याला नेतात. रोज सकाळी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवताना मला शाळेतल्या तोंडी परीक्षेच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटे. ती रांग रोजची होती, एवढाच फरक.

भीतीवर माझ्याकडे एकच उपाय होता, अभ्यास. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी पाठ्यपुस्तकासारखं वाचलं. दर रविवारी पेट्रोल पंपावर दोन्ही चाकांतली हवा तपासून घ्यायची. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, दिवे बघायचे, आरसे आपल्या उंचीला जुळवायचे, साइड स्टँड वर घेतला आहे ना ते दोनदा बघायचं. ओल्या रस्त्यावर नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाही. सर्व्हिसिंगची तारीख मी एकदाही चुकवली नाही. गाडी अगदी निरोगी होती. आजारी मीच होते.

घरून फोन आला की माझ्या आधी तिची चौकशी व्हायची.

"गाडी कशी आहे गं?" आई विचारायची.

"छान आहे."

मागून आबांचा आवाज यायचा, "इचार, पळती का झकास?"

"पळते म्हणावं."

फोन ठेवला की मी खिडकीतून खाली बघायचे. इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी जागा सगळ्यात आत, भिंतीला लागून. पुढे इतरांच्या चार-पाच गाड्या. तिला बाहेर काढायची तर आधी त्या एकेक सरकवाव्या लागत. तिथे अडकून उभी असलेली ती गाडी मला माझ्यासारखीच वाटायची. नवी कोरी, सगळ्यांच्या कौतुकाची आणि हलायला जागा नसलेली.

त्या वर्षी नवरात्रात आबा मला भेटायला आले. अष्टमीला संध्याकाळी आले आणि नवमीला दुपारच्या आत स्वारगेटहून एसटीने परत निघायचं होतं. मला आश्चर्य वाटलं, कारण खंडेनवमीला आबा कधीच घर सोडत नाहीत. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. करवत, रंधा, पटाशा, हातोड्या सगळं धुऊनपुसून त्यांना तेलाचा हात लावायचा आणि पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. वर्षभर ज्यांनी खायला घातलं त्यांना त्या दिवशी विश्रांती.

"घरची हत्यारं तुझ्या आईवर सोपवून आलोय," आबा म्हणाले. "हितलं हत्यार माझ्या हातानं पुजायचं हुतं."

सकाळी मी उठले तेव्हा आबा खोलीत नव्हते. खाली जाऊन बघते तर त्यांनी पुढच्या सगळ्या गाड्या सरकवून माझी गाडी अंगणात काढलेली. पुसून लख्ख केलेली, हँडलला झेंडूची माळ, दिव्यावर कुंकवाचं बोट, खाली लिंबूमिरची. आबा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे असे बघत होते, जसे घडवून झालेल्या चौकटीकडे बघतात.

"गंज चढायला लागलाय की गं हिला," ते म्हणाले. "बघत न्हाईस व्हय? पार लाल झालं हुतं. घासून काढलं समदं."

"थँक्यू आबा," मी म्हणाले. आमच्या घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही, त्यामुळे आम्ही दोघंही थोडे लाजलो.

तळमजल्यावर माझ्या घरमालकीणकाकू राहतात. त्या दारात येऊन सगळं बघत होत्या.

"मिरच्या बांधल्यात, छान," त्या म्हणाल्या. "सिग्नलला थांबलं तर मिरच्यांची गरजही पडत नाही."

आबांना पुण्याचं बोलणं कळत नाही. ते कौतुक समजून हसले आणि त्यांनी काकूंना प्रसादाचा पेढा दिला. काकूंनी पेढा खाल्ला आणि आत जाऊन स्वतःचं हेल्मेट घेऊन आल्या.

"हे घाला."

"मला कशाला? मी तर मागं बसनार."

"पडताना पुढचा मागचा असं काही नसतं हो. घाला. आणि संध्याकाळपर्यंत परत पाठवा, मला भाजीला जायचंय."

मी नेहमीप्रमाणे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. हाताला रोजच्यासारखेच कडक लागले. आबा पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले आणि आम्ही निघालो.

गल्लीत वेग असा नसतोच, त्यामुळे काही कळलं नाही. टिळक रस्त्याला लागलो. सणाची गर्दी, फुलांच्या पाट्या, दुतर्फा लावलेल्या गाड्या. माझ्या पुढे बस होती. पुढचा सिग्नल लाल झाला, बसचे मागचे दिवे लागले आणि मी पुढचा ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. मूठ दाबलेली होती, बोटं दुखेपर्यंत दाबलेली, आणि गाडी आपली निवांत पुढे चाललेली. बसचा मागचा पत्रा मोठा मोठा होत होता. मी मागचा ब्रेक आवळला, तेव्हा कुठे वेग कमी कमी होत गाडी त्या पत्र्यापासून हातभर अंतरावर थांबली. आबांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. बस एकदम थांबली."

सिग्नल सुटला. मला डावीकडे कडेला जायचं होतं. पण डावीकडे रिक्षा, तिच्यापलीकडे दुसरी बस, उजवीकडे मोटारी, मागे हॉर्न. पुढच्या ब्रेकशिवाय गाडी चालवायची तर हळू जायचं आणि पुढे भरपूर जागा सोडायची, हे मला कळत होतं. पण पुण्यात पुढे जागा सोडली की तिच्यात लगेच कुणीतरी शिरतं, आणि मग थांबायला आधीपेक्षाही कमी अंतर उरतं. तशी मी जागा सोडत गेले आणि लोक ती भरत गेले. माझ्या पाठीला आबांची पिशवी टेकलेली होती. त्या पिशवीच्या मागे आमचं घर चालवणारा माणूस बसला होता, आणि त्याला घेऊन मी कुठेच वळू शकत नव्हते.

पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिला. या वेळी गाडी थोडी घुटमळली आणि एक वास आला. कढईत तळणीचं तेल तापू लागलं की येतो तसा.

"कुठंतरी भजी तळत्यात वाटतं," मागून आबा म्हणाले. "सकाळी सकाळी बरी."

तेव्हा मला कळलं. पण तेवढ्यात उजवीकडचा दुचाकीवाला माझ्याकडे बघून ओरडला, "ताई, चालवायची नसेल तर ढकलत न्या." त्याचं बोलणं मला शब्दशः पटलं. मी डावा दिवा लावला, हात बाहेर काढून हलवत राहिले, आणि एका रिक्षावाल्याने दया येऊन की वैतागून, मला आत शिरू दिलं. बंद असलेल्या एका दुकानापुढे गाडी फुटपाथला लागली.

आबा उतरले. मी पुढच्या चाकापाशी बसले. चाकाच्या मधोमध जाळीदार, पातळ पोलादी थाळी असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी तिला चिमटा बसतो आणि चाक थांबतं. ती उघडी असते, त्यामुळे रात्रीच्या दमट हवेत तिच्यावर लालसर गंज धरतो. गाडी थोडी चालली की तो आपोआप जातो. ती थाळी त्या दिवशी आरशासारखी चमकत होती. मी रुमाल लावला. रुमाल तेलकट झाला. मी तो मुठीत दडवला, पण आबा मागे उभे राहून बघतच होते.

"तेलानं झालं व्हय?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, शब्दही जवळ होते. छान आहे, असं मी इतक्या वेळा म्हटलं होतं.

"हो," मी म्हणाले. "या जागेला तेल लागलं की ब्रेक धरत नाही."

आबांनी हेल्मेट काढलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघू लागले.

"हातोडीच्या तोंडाला आपन तेल लावत न्हाई," ते म्हणाले. "दांड्याला लावतो, बाकी लोखंडाला लावतो. तोंडाला लागलं की खिळ्यावरनं सटकती, बोट फुटतं. म्हाईत हाय मला. आन् हितं समदं लोखंड दिसलं आन् माखून ठिवलं."

"तुम्हाला काय माहीत आबा ती कशासाठी आहे."

"इचारायचं हुतं."

रस्त्यावरून गाड्या वाहत होत्या. त्या बाजूला बघवेना, म्हणून मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, तेल नसतं तरी मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

"कशाची?"

"गाडीची. रस्त्याची. रोज."

"मग फोनवर छान छान का म्हनतीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. त्यांनी गाडीकडे बघितलं, तिच्या माळेकडे, कुंकवाकडे.

"मी मागं बसून डोळं मिटलं हुतं," ते म्हणाले. "तुला माजं भ्या कळू नये म्हनून भज्याचं बोललो."

मग आम्ही दोघांनी मिळून गाडी ढकलत स्वारगेटपर्यंत नेली. मी हँडल धरलं होतं, आबांनी मागची कडी. मध्येच ते म्हणाले, "आता घरी काय सांगू? समद्या भावकीला ठावं हाय, पोरगी गाडीवर जाती." ज्या भिंतीवर माझा गाडीवरचा फोटो होता तिच्यापुढे आता जणू आम्ही दोघंही उभे होतो. फलाटावर एसटी लागलेली होती. चढताना ते म्हणाले, "छान हाय म्हनून सांगतो," आणि खिडकीतून पुन्हा म्हणाले, "भ्या वाटंल त्या दिशी बसनं जा. पन मला सांग."

गाडी तिथूनच जवळच्या गॅरेजात ढकलत नेली. मेकॅनिकने थाळी तेल घालवणाऱ्या औषधाने पुसली आणि थाळीला चिमटा घेणारे ब्रेकचे गट्टू बदलले, कारण ते तेल प्यायले होते. हेल्मेट मी वेळेत परत केलं. काकूंनी ते आतून बाहेरून बघितलं आणि विचारलं, "वडील पोचले का?" त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला सरळ प्रश्न.

गाडी मी अजून चालवते. भीती गेलेली नाही. पार्किंगमध्ये तिची जागाही तीच आहे, भिंतीला लागून. काही दिवशी मी तिला तिथेच ठेवते आणि बसने जाते. आई फोनवर विचारते, गाडी कशी आहे, आणि मी छान म्हणते. मग आबा फोन घेऊन घरामागच्या पडवीत जातात, जिथे त्यांचं काम चालतं, आणि हळू आवाजात विचारतात, "आज कशानं गेलीस?" मी बसने म्हटलं तर म्हणतात, "बरं केलंस." गाडीने म्हटलं तर विचारतात, "बिरेक दाबून बघितलंस न्हवं?" ही गोष्ट आमच्या घरात दोघांनाच माहीत आहे.

यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी घरूनच फोन केला. "हत्यारं पुजली. हातोडीचं तोंड कोरडं ठिवलं."

मी खाली अंगणात गाडी पुसत होते. दिव्याला कुंकू लावलं, हँडलला फूल अडकवलं. पुढच्या चाकापाशी आले तेव्हा नळावर जाऊन हात साबणाने धुतले, कोरडे केले, आणि ती थाळी कोऱ्या फडक्याने नुसती पुसली.

"झालं का?" आबांनी विचारलं.

"झालं. कोरडी आहे," मी म्हणाले, आणि पुढच्या गाड्या सरकवून तिला परत भिंतीशी लावलं.