आश्रुबाचं हसू

चकलांब्याचा आश्रुबा मुंबईला मेहुण्याकडं गेला आणि मेहुण्यानं त्याला टीव्हीवरच्या विनोदाच्या स्पर्धेला प्रेक्षकांत नेऊन बसवलं. तिथं तो एकदा पोट धरून हसला, आणि तेवढंच अख्ख्या गावानं टीव्हीवर पाहिलं. परतला तर वेशीत हलगी, शाल, नारळ. गावाला काय, निमित्तच लागतं. तेव्हापासून बारसं असो की दुकानाचं उद्घाटन, पाहुणा आश्रुबाच, आणि भाषणाऐवजी त्यानं हसून दाखवायचं. त्याची बायको केसरबाई म्हणायची, "घरी कवा आसं हसल्याचं आठवत न्हाई मला."

नारायणगडाच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजला विनोदी सिनेमा लागला. टीव्हीच्या स्पर्धेत झळकून रातोरात मोठा झालेल्या माणसाची गोष्ट. मालकानं आश्रुबाला मानानं पुढं बसवलं. हा हसला की तंबू हसेल, असा त्याचा अंदाज. पण सिनेमा इतका रद्दी, की हिरो शेणात पडला तरी कुणाचा ओठ हलला नाही. आश्रुबानं लई जोर लावला, तर नुसता खोकला आला. लोक मात्र पडदा सोडून त्याच्याच तोंडाकडं बघत बसले. मध्यंतरातही कुणी उठेना.

ते बघून मालकानं दुसऱ्या खेळाला त्याची खुर्ची पडद्याखाली, लोकांकडं तोंड करून मांडली आणि वर एक बल्ब सोडला. तंबू खच्चून भरला. सिनेमा सुरू झाला, आणि तो आता आपल्याला दिसणार नाही हे ध्यानात येताच आश्रुबा पोट धरून हसला.