नथीला लागलेले तेल

ती नथ आजही डोळ्यांसमोर येते. खरे सांगायचे तर डोळ्यांआधी नाकाला आठवते.

माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. रहाटणीच्या एका सोसायटीतले कुटुंब आमच्या पोलीस ठाण्यात आले. मुलगा वाकडला आयटी कंपनीत, रागाने लाल झालेला. सोबत त्याची आई, मूळची इथल्याच गावातली, डोक्यावरचा पदर न सोडणारी आजी. नातीचे लग्न तोंडावर आले म्हणून आजींनी दागिन्यांचा डबा उघडला, तर त्यांच्या आईकडून आलेल्या नथीचे मोती पांढरेफटक, खडूसारखे. आजींचे एकच म्हणणे होते, "साहेब, ह्ये मोती माजे न्हाईत. कुनीतरी बदलल्यात."

मुलाने संशयितही ठरवून आणला होता. घरात बरीच वर्षे धुणीभांडी करणाऱ्या ताई. सोसायटीच्या वॉचमनने खबर दिली होती की त्या परवा काळेवाडीत सोनाराच्या दुकानातून बाहेर पडताना दिसल्या. एवढ्यावर या पठ्ठ्याने सोसायटीच्या ग्रुपवर 'कामवालीपासून सावध राहा' असा मेसेजही टाकून दिला होता. आमच्या स्टेशन डायरीत नोंद होण्याआधी तिकडे निकाल लागला होता.

ताईंना बोलावले. महिला कॉन्स्टेबलसमोर विचारपूस केली. माझा अनुभव असा की चोरी केलेला माणूस आधी खुलासा देतो आणि मग रडतो. या बाईंनी विचारल्याशिवाय खुलासा दिला नाही, आणि रडल्याही नाहीत. लेकीचे पैंजण तुटले होते, ते सांधायला सोनाराकडे गेले, एवढेच त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "साहेब, सकाळपासून तीन घरांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तुम्ही मला सोडाल हो, पण ती घरं मला परत घेतील का?"

हवालदाराला सोनाराकडे पाठवले. पैंजणाची गोष्ट खरी निघाली. नथही दाखवून आण म्हटले होते. सोनाराचा निरोप आला की मोती जुनेच आहेत, बदललेले नाहीत, पण कशात तरी आंबट पदार्थात पडून त्यांचे तेज गेले आहे. म्हणजे चोरी नव्हतीच. मुलाला सांगितले तर तो म्हणाला, मग बाईनेच मुद्दाम नासवले असतील. माणसाने एकदा कुणाला चोर ठरवले की त्याला चोरी नसलेलीही चालते.

मी नथ हातात घेतली. सोने असे लखलखत होते की नासवणाऱ्याने एवढी मेहनत कशाला घेतली असेल, हेच कळेना. आणि ती बोटांतून निसटली. तार बुळबुळीत होती. नाकाशी नेली, तर शिलाई मशिनच्या तेलाचा वास. सगळी नोकरी मी पिस्तूल साफ करून त्याला तेल लावत काढली, त्यामुळे तो वास आणि त्यामागची सवय दोन्ही ओळखीची. धुतलेल्या वस्तूला तेलाचे बोट लावल्याशिवाय चैन न पडणारी माणसे दोनच. एक आम्ही पोलीस, आणि दुसरा कंपनीत मशिनवर काम केलेला माणूस.

आजींना विचारले, "आजोबा कुठे नोकरीला होते?"

"भोसरीला, फिटर. का वं?"

आजोबांना बोलावून घेतले. झाला प्रकार त्यांना कोणी धड सांगितलाच नव्हता. मी नथ पुढे धरून विचारले, हिला तेल कोणी लावले? म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की मला हसू आवरेना.

"मीच की. गंज धरू नये म्हणून."

मग सगळे ओघाने आले. काळवंडलेला पार्ट कंपनीत ॲसिडमध्ये बुडवत, ब्रशने घासत, पुसून तेल लावून ठेवत. घरात ॲसिड नाही, म्हणून नातीच्या नूडल्सचे व्हिनेगर घेतले. त्यात नथ रात्रभर ठेवली, सकाळी टूथपेस्टने घासली. सोने चमकले, काम फत्ते. मोत्यांकडे चष्म्याशिवाय पाहिलेच नाही. सांगितले का नाही, तर मिक्सर साफ करताना बंद पडल्यापासून आजींनी त्यांना कशालाही हात लावायची बंदी केली होती. "म्हटलं, लग्नात सगळे नथीकडं बघतील, तवा हिला सांगीन."

आजींनी कपाळावर हात मारला, पण त्या ज्या नजरेने आजोबांकडे पाहत होत्या ती रागाची नव्हती. तेवढ्यात आजोबांना बाकावर बसलेल्या ताई दिसल्या. ही इथे का, असे त्यांनी विचारले. मी मुलाचा मेसेज वाचून दाखवला. मग त्यांना समजले, आणि चेहरा पार उतरला. त्यांनी हात जोडले.

ताई म्हणाल्या, "आजोबा, तुमचा राग नाही. पण बिल्डिंगला कोण सांगणार?"

मुलगा मान खाली घालून म्हणाला, मेसेज डिलीट करतो. आजींनी त्याला गप्प केले. "तू मेसेज टाकून मोकळा झालास. आता आमी दारोदार जातो."

आणि त्या गेल्या. हातात नथ, सोबत ताई, मागे आजोबा. प्रत्येक दारात आजी नथ दाखवत आणि नवऱ्याकडे बोट करून सांगत, "चोर घरातलाच हाय, ह्यो बघा. हिला बोललात ते मागं घ्या." ताईंची तिन्ही घरे परत आली. हे मला वॉचमननेच सांगितले, जरा ओशाळून.

इतकी वर्षे मी घरातल्या चोरीत आधी विचारायचो, गरज कोणाला होती? या नथीने शिकवले की लाड करायची हौस कोणाला होती, हेही विचारावे. दागिना लोभाने जातो तसा मायेनेही जातो, आणि त्याची शिक्षा मात्र भलत्यालाच होते.

लग्नाला मला आमंत्रण होते. सुनेने आजींना नवे मोती बसवून घ्या म्हटले होते, पण त्यांनी ऐकले नाही. एका पाहुणीने विचारले, मोती असे निस्तेज का? आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी सर्व्हिसिंग केलीया." आजोबा शेजारीच बसले होते, लाजून पार लाल झाले.

ती नथ त्या सकाळी आजींनी सुनेकडून नाही, लेकीकडूनही नाही, ताईंकडून नाकात घालून घेतली होती. डब्याची किल्लीही तेव्हापासून ताईंच्याच कमरेला असते.