दर्याची ओटी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत मुलांपुढे परिपाठाला उभी होते. प्रार्थना चालू होती म्हणून फोन कापला, तर तो पुन्हा वाजला. पलीकडून सालगडी केशव हुंदके देत देत सांगत होता. अक्का सकाळी बागेत पाणी द्यायला गेल्या, केळीच्या बुडाशी टेकल्या आणि बसल्या जागीच गेल्या. खरं सांगते, मला आधी रडू आलंच नाही. आधी डोळ्यांपुढे आली ती मथुराकाकू, आमची चुलत सासू, आणि मनात आलं, आज हिच्याशी भांडावं लागणार. कारण मी अक्कांना शब्द दिला होता... त्यांची ओटी भरायचा. आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. जिवंतपणी नाही, मेल्यावर तर नाहीच. सवाष्ण गेली तर तिला हिरवी साडी, मळवट, भरली ओटी. विधवेनं जायचं ते रिकाम्या पदरानं.

गयाबाई, माझी थोरली जाऊ. सगळं अर्धापूर त्यांना अक्का म्हणायचं. माहेर जळकोटचं. भाऊजी ऐन उमेदीत गेले, पदरी लेकरू नव्हतं. होता तो लहानगा दीर दत्ता, म्हणजे आता आमचे दत्तराव. त्याला अक्कांनी वाढवलं, शिकवलं आणि केळीची बागही एकटीनं सांभाळली. घड तोडायला माणसं कमी पडली की पदर खोचून स्वतः उतरायच्या. ट्रकवाल्यानं घड आपटला तर त्याची धडगत नसायची. "लेकरू हाय का दगड हाय ते? हळू ठेव की मुडद्या!" कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई, पण घरात डोहाळजेवण असलं की मागच्या दारी जाऊन उभी राहायची. आम्ही नांदेडला गंगेची ओटी भरायला जायचो, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, तेव्हा खण, नारळ, गहू सगळं अक्का निवडून आणायच्या. घाटावर पोचलं की टोपली माझ्या हातात देऊन वरच्या पायरीवर थांबायच्या. "अक्का, तुम्हीच भरा ना," म्हटलं की म्हणायच्या, "राहू दे बाई, उगं कुणाच्या तोंडाला लागावं?" मला असा संताप यायचा की विचारू नका.

मग दोन-तीन वर्षांमागं माझी मुलगी दापोलीला शिकायला गेली. तिला सोडायला निघालो तर अक्का पिशवी भरून दारात तयार. "मीबी येऊन राहिले. समिंदर बघायचाय." मथुराकाकू ओसरीवर बसलेल्या होत्याच. "नवरा नसलेल्या बाईला कशाला पायजे गं समिंदर?" अक्का चपला घालत म्हणाल्या, "तिथं जाऊन बसलाय का काय ते बघून येते की!"

दापोलीहून आम्ही हर्णैला गेलो. काळ्या खडकांचा किनारा, समोर पाण्यात किल्ला, होड्यांची ही दाटी, आणि डिझेल, बर्फ, मासळी यांचा असा वास की माझ्या मुलीनं ओढणी नाकाला लावली. अक्कांचं वासाकडं लक्षच नव्हतं. त्या बैलांकडं बघत होत्या. होड्या पार किनाऱ्याला लागत नाहीत, म्हणून बैलगाड्या पाण्यात घालून मासळी वाळूवर आणतात. पोटापर्यंत पाण्यात बैल! अक्कांनी एका गाडीवाल्याला अडवलंच. "का रं बाबा, खाऱ्या पाण्यानं खुरं सडत न्हाईत का ह्यांची? घरी गेल्यावर गोड्या पाण्यानं धुतोस का न्हाई?" तो बिचारा "धुतो आजी, धुतो" म्हणत निसटला. तेवढ्यात वाळूवर लिलाव सुरू झाला. मासळीचे ढीग, भोवती बायांचा गराडा, ओरडा, बोली, हातवारे. "अगं, ही तर आपल्या मोंढ्यातली हर्राशीच की!" अक्का म्हणाल्या. मग जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "हितं बायाच बोलून राहिल्यात गं... कुणी गप बस म्हणंना."

गर्दी पांगल्यावर त्यांनी पिशवी उघडली. आतून निघालं काय, तर हिरवा खण, नारळ, रुमालात बांधलेले गहू, हळकुंड, सुपारी आणि आमच्याच बागेतली केळीची फणी. अर्धापुरापासून लपवून आणलं होतं सगळं. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी पिशवी मागे ओढली. "आज मी भरणार. हितं मला कोण वळखतंय?" आणि साडी खोचून सरळ पाण्यात शिरल्या.

टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली, तिनं बघितलं आणि पोट धरून हसायला लागली. "अगो आजी, खन कोनाला देतंस? ह्यो दर्या हाय, बाप्या! त्याला नारल देतात, चोली न्हाय!"

आता बघा, आम्हा कोरडवाहू मुलखातल्या माणसांना पाणी म्हणजे आईच. नदी आई, विहिरीतल्या आसरा त्याही बायाच. पाणी बाप्या असतं हे आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का लाटेत तशाच उभ्या होत्या. "मंग ह्याची ओटी कुणीच भरत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"बाप्याची कोन भरल?"

अक्कांनी पाण्याकडं बघितलं. "मंग घे बाबा," त्या म्हणाल्या. "तुलाबी कुणी बोलवत न्हाई, मलाबी न्हाई." आणि गहू, नारळ, केळी, खण, सगळं पाण्यात सोडलं.

कोळणीचं हसू थांबलं. पुढच्या लाटेनं नारळ आत नेला, पण खण मात्र परत आणून अक्कांच्या पायाला गुंडाळला. "दर्यानं परत केला गो," कोळीण पुटपुटली. अक्कांनी वाकून खण उचलला, पिळला आणि आपल्या पदरात घातला. "देवीची ओटी भरली की पुजारी त्यातलं जरासं भरणारीच्या पदरात परत घालतो का न्हाई? परत न्हाई केला बाई. त्यानं माझी भरली." आणि मग त्या रडल्या... लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ती कोळीण टोपली खाली ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "मी मेले की माझी ओटी भर. तूच भर. रिकाम्या पदरानं जायची न्हाई मी." मी म्हटलं, भरीन. त्या खणाची त्यांनी चोळी शिवली आणि मथुराकाकूंच्या नातवाच्या लग्नात ती घालून पुढच्या रांगेत बसल्या. कुणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "समिंदरानं दिलीय. जा, त्याला इचार."

तर त्या दिवशी अर्धापुरात अंगण माणसांनी भरलेलं. अक्कांना अंघोळ घातली, अंगावर ती चोळी चढवली, तिथवर कुणी काही बोललं नाही. मी अक्कांच्याच डब्यातले गहू ओंजळीत घेऊन आले आणि मथुराकाकू आडव्या आल्या. "सूनबाई, येडी झालीस का? रांडव बाईची ओटी सवाष्णीनं भरली की तिच्या नवऱ्यावर येतं!" सगळ्यांचे डोळे दारात उभ्या दत्तरावांकडं वळले. खोटं कशाला बोलू, माझाही हात थबकला. भीती काही पुस्तकं शिकवून जात नाही. दत्तराव पुढे आले, अक्कांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "वैनीनं मला पोटच्यावानी वाढवलं. तिच्या पदरात मूठभर गहू पडल्यानं मला काय व्हायचं असंल तर होऊ द्या. भर गं तू." मी भरली. सगळ्यांसमोर, गहू सांडेपर्यंत भरली. आणि हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून सांगते आहे, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. दत्तराव ठणठणीत आहेत आणि भाकरीला नाही म्हणत नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी अक्कांच्या स्वयंपाकघरात डबे आवरत होते. तर मथुराकाकू आत आल्या. त्यांचेही यजमान जाऊन जमाना झाला. मला वाटलं, आता काय राहिलंय भांडायचं? त्यांनी मागं वळून दार लोटलं, माझ्यासमोर भुईवर बसल्या आणि पदर पसरला.

"माझीबी भर," त्या म्हणाल्या. "पण मेल्यावर नगं. आत्ता भर."

मी आधी उठून दार सताड उघडलं, मग गव्हाच्या डब्यात हात घातला.