चिकटपट्टी लावलेली कॅसेट

ते प्रकरण आठवलं की अजूनही मी टीव्हीकडे पाठ करून बसतो. माझा दरारा असा, की शिरूर तालुक्यातले चोर स्वतःहून लॉकअपमध्ये जाऊन बसत. पण त्या दुपारी माझा चहा कपातून थेट बुटात गेला.

खबर दिली शिक्रापूरच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याने. "साहेब, ही कॅसेट लोक परत आणून टाकत्यात. पिक्चर संपला की एक बाई येती, टक लावून बघती आन् म्हणती, बंद करा की आता. केंदूरची माणसं म्हणत्यात, ही तर औंदाच वारली."

हवालदार म्हणाले, "साहेब, ह्यात कलम कोणतं लावायचं?"

ठाण्यात टीव्ही मागवला. पिक्चर संपला, पडदा काळा झाला, आणि लग्नाच्या मांडवातली हिरव्या लुगड्याची एक बाई नेमकी माझ्याकडे बघू लागली. "बंद करा की आता." अख्खं ठाणं उठून उभं राहिलं.

मी कॅसेट उलटी केली. जपायच्या कॅसेटची मागची चिमुकली पट्टी मोडून ठेवतात, म्हणजे वरून दुसरं काही भरता येत नाही. इथे त्या भोकावर चिकटपट्टी होती, म्हणजे कोणीतरी वरून पुन्हा भरलं होतं. भुताला चिकटपट्टी लागत नाही.

लायब्ररीच्या वहीत ही कॅसेट नेणारं पहिलं नाव केंदूरच्या एका फिटरचं. त्याच्या घरात वायरीने जोडलेले दोन व्हीसीआर आणि फळीभर कॉप्या सापडल्या.

"लायब्ररीची कॅसेट ठेवून घेतली, आणि कॉपी परत दिली?"

"मुद्दाम न्हाई साहेब. डब्यांची अदलाबदल झाली."

"मग ही बाई कोण?"

"कोण बाई?"

त्याला ठाण्यात आणून दाखवली. तो खालीच बसला. "मंडळी हाय माझी. पुतणीच्या लग्नातली. शूटिंगवाल्याला म्हणती ती. म्हैनाभर घर उलथं केलं ह्या कॅसेटसाठी. डब्यावर नाव नव्हतं, जुना पिक्चर समजून मीच पट्टी लावली." पिक्चरखाली सगळं लग्न पुसलं गेलं होतं. तिची उरली होती ती एवढीच तीन मिनिटं. "केस करा साहेब, पण एवढी कॅसेट द्या."

मुद्देमाल कोर्टच परत देतं, आणि आमच्या मालखान्यातले उंदीर मांजरांना हाकलत असत. मी पंचनाम्याच्या पंचांना चहाला धाडलं. जप्त केलेली दोन्ही यंत्रं टेबलावर जोडली आणि ज्यासाठी त्याला धरला, तेच ठाण्यात बसून केलं. कॉपी त्याच्या हातात दिली. मूळ कॅसेटवर लाखेचं सील पडलं.

माणसाला धरलं, की त्याचं काय हरवलंय तेही विचारावं, हे मी तिथे शिकलो.

कॉपी होताना ती पुन्हा म्हणाली, "बंद करा की आता." मी बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला. ती तीन मिनिटं संपून पडद्यावर आता नुसत्या मुंग्या होत्या. आम्ही दोघं त्या बघत बसलो.