डावीकडचा मॉनिटर

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडून आठवडा झाला. सेटिंगमध्ये त्यांच्या जागा उलट्या पडल्यात. त्यामुळे डावीकडच्या मॉनिटरवर जायचं, तर माउस उजवीकडे सरकवावा लागतो. बाण उजव्या कडेला बुडतो आणि पार डावीकडे उगवतो.

मागे उभी असलेली आई बराच वेळ बघत होती.

“अगं, इकडे जायचं तर तिकडून का जातेस?”

“उलटं जोडलं गेलंय.”

“मग सरळ कर की.”

“राहू दे. सवय झालीय आता.”

बोलले आणि आतून चरकले. ओट्याशी उभ्यानं जेवणाऱ्या आईला मी ‘बसून जेव’ म्हटलं, की तीही नेमकं हेच म्हणते. दोन मिनिटांचं काम असतं, पण माणूस ते करत नाही, गैरसोयच अंगवळणी पाडून घेतो.

मी तिथल्या तिथे सेटिंग बदललं. तरी हात उजवीकडेच जात राहिला. चिडून उठले.

“आई, आज तरी बसून जेव.”

ती ताट घेऊन टेबलापाशी आली. दोन मॉनिटर, लॅपटॉप, वायरींचं जंजाळ. मी घाईघाईनं जागा करू लागले.

“असू दे गं,” म्हणत ती ओट्याकडे वळली.