दादांचा कॉम्प्युटर पासवर्ड विचारतो

कनेक्शन तुटू न देण्याबद्दल मला पुण्यात पगार मिळतो. कळमनुरीला आमच्या घरी हे कुणाला पटत नाही, आणि मागच्या दिवाळीपासून मलाही पटत नाही.

दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. रोज सकाळी आई भाकरी थापायची आणि दादा शेजारी बसून पोथी वाचायचे. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी सगळे अध्याय स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून बाहेरच्या खोलीतल्या जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर ठेवले, आणि स्वयंपाकघरातल्या आईच्या अँड्रॉइड टॅबवर ते वाजतील अशी जोडणी करून दिली. ("उद्या माझा घसा बसला तर तुझी भाकरी करपायला नको!") घसा काही बसला नाही. दादाच गेले.

आता भाकरीच्या वेळी टॅबवर दादा वाचायचे, आणि ऐन अध्यायात तुटायचे!

"तुटलं रे बाळ!" दिवाळीच्या पहिल्याच सकाळी आई ओरडली. टॅब पासवर्ड मागत होता.

"सांग, मी टाकतो."

"तू भिंतीकडं तोंड कर."

"अगं, मी इंजिनिअर आहे!"

"असशील. तोंड कर म्हणते ना!"

झालं! पुण्यातला साहेब कॅलेंडरवरची एकादशी वाचत उभा! शेजारी माझी बायको शुभांगी, तीही भिंतीकडे, पण खुदुखुदु हसत.

"आई, सगळ्या फायली टॅबमध्येच टाकून देतो. कटकटच नको."

"न्हाई. त्यांचा आवाज त्यांच्या खोलीतूनच आला पाहिजे."

मग मी बाह्या सरसावल्या. पहिल्या दिवशी विंडोजची सगळी सेटिंग बदलली. टॅबला अध्याय दिसेनात, फक्त एक प्रिंटर दिसायला लागला. (तो प्रिंटर आम्ही केव्हाच विकला होता!) दुसऱ्या दिवशी मधे माझा लिनक्सचा लॅपटॉप बसवला आणि ऐटीत बटण दाबलं. टॅब गप्पच. पाच मिनिटांत शेजारचे गंगाधरकाका बनियनवर धावत आले.

"बाळासाहेब, मास्तर माह्या टीव्हीत बोलून राहिले!"

क्रिकेट बघता बघता त्यांच्याकडे तिसरा अध्याय सुरू झाला होता.

"काका, पण तुमचा टीव्ही आमच्या वायफायवर काहून?"

काका जरा घुटमळले. "मास्तरांनीच दिलतं... ते जाऊ द्या हो! आमी दोघं नवरा-बायको टीव्हीच्या पाया पडलो. लई दिसांनी आवाज ऐकला." त्यांनी बनियनलाच डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी खरा चोर सापडला. जुना कॉम्प्युटर पंधरा मिनिटांनी झोपी जायचा, आणि टॅबनं उठवला की नव्यानं पासवर्ड मागायचा. (दादाही पेपर हातात घेऊन असेच झोपायचे.) त्याची झोप मी कायमची बंद केली, आणि टॅबवर 'पासवर्ड लक्षात ठेवा' या चौकटीत खूण करून आईला म्हटलं, "टाक आता शेवटचा!"

दोन दिवस एकदाही तुटलं नाही! मी कौतुकाची वाट बघत बसलो. कौतुक राहिलं बाजूला, तिसऱ्या सकाळी तर भाकरी करपली.

"आता ते इचारत काहून न्हाई रे?"

"काय?"

"पासवर्ड."

"आता जन्मात विचारणार नाही!" मी छाती फुगवली.

आईनं तवा उतरवला. "चारचौघांत कधी त्यांचं नाव घेतलं न्हाई मी. दोघंच असलो की एका नावानं हाक मारायची. त्यांनी तेच टाकलं होतं त्याच्यात. आता हाक मारायला माणूस कुठं हाय? तेवढं ते मशीनच इचारत होतं."

शुभांगीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की काय सांगू! दादांची फार आठवण आली. मी भिंतीकडे तोंड केलं. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

मग दुपारी मी चौकटीतली खूण काढली आणि कॉम्प्युटरला त्याची झोप परत दिली. दुसऱ्या सकाळी ऐन अध्यायात आवाज बंद!

"तुटलं गं बाई!" आई जवळजवळ गायलीच. पिठाचे हात पदराला पुसत ती टॅबशी बसली. "चला, तोंडं करा भिंतीकडं!"

पुण्याला परतल्यावर साहेबांनी विचारलं, "काय केलंत सुट्टीत?"

"घरचं कनेक्शन दुरुस्त केलं."

"वा! मग आता टिकतं ना?"

"छे हो! रोज बराबर पंधराव्या मिनिटाला तुटतं," मी अभिमानानं म्हणालो.

माझ्या बढतीचा विषय साहेबांनी त्यानंतर काढलेला नाही.